मल्लखांबावरचे बेचाळीस दिवे

नवा मल्लखांब गोहलपूरच्या सुताराकडून आला तो मालवाहू ऑटोतून, आडवा, मागच्या बाजूनं तीन हात बाहेर आणि टोकाला लाल फडकं बांधून. मदन महलच्या समर्थ व्यायाम मंडळाच्या आवारात तो उतरवताना मुलामुलींनी असा गलका केला की घोड्यावरून उतरणाऱ्या नवरदेवालाही हेवा वाटावा. जुना खांब वाळवीनं आतून पोखरला होता. कोणी त्यावर चढलं की बघणाऱ्यांना चढणाऱ्यापेक्षा खांबाचीच काळजी वाटायची. नवा मात्र अस्सल सागवानी, गुळगुळीत, वर निमुळती मान आणि मानेवर बोंड. भोपाळच्या सरकारच्या अनुदानातून आलेला. आणि ते अनुदान आणलं होतं मंडळाचे सचिव गुणवंतराव पाटणकर यांनी.

गुणवंतराव रेल्वेच्या कचेरीतून राजभाषा अनुवादक म्हणून निवृत्त झाले होते. उभी नोकरी त्यांनी इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करण्यात घालवली, आणि हिंदी असं की ते वाचून लोक मूळ इंग्रजी प्रत मागायला येत. त्यामुळे सरकारशी कागदावर कुस्ती खेळायला मंडळात त्यांच्या तोडीचा गडी नव्हता, असं मंडळाचं मत होतं. मंडळाच्या आधी ते गुणवंतरावांचं होतं.

खांब पुरला, नारळ फुटला, पेढे वाटले. आता फक्त त्याची वेबसाइटवर नोंद करायची राहिली होती. "पाच मिनिटांचं काम," गुणवंतराव म्हणाले आणि घरच्या कॉम्प्युटरपुढे बसले. शेजारी सल्ला द्यायला खजिनदार लक्ष्मणराव मेश्राम खुर्ची ओढून बसले. लक्ष्मणराव मूळचे भंडाऱ्याकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. सल्ला मागेपर्यंत थांबण्याची त्यांना सवय नव्हती.

वेबसाइटवर साहित्याची यादी होती. कबड्डीची मॅट होती, व्हॉलीबॉलची जाळी होती, वजनं होती. मल्लखांब नव्हता. 'मलखंब' असं हिंदीत शोधून पाहिलं, तरी नव्हता. होता तो नुसता 'खंभा', आणि त्याचे तीन प्रकार: प्रकाश, ध्वज, अन्य.

"अन्य," गुणवंतराव म्हणाले.

"अन्य नका करू जी," लक्ष्मणराव घाईनं म्हणाले. "अन्य म्हटलं का सरकारले संशय येते. म्हणते, हा माणूस काहीतरी लपवून राहिला."

गुणवंतरावांनी तरीही 'अन्य' दाबलं. लगेच एक मोठी चौकट उघडली. खांबाचं प्रयोजन, त्याचं तांत्रिक वर्णन आणि बांधकाम अभियंत्याचं प्रमाणपत्र. त्यांनी ती हळूच बंद केली.

"मग ध्वज?"

"झेंड्याचं तर नावच नका घेऊ. रोज सकाळी चढवा, संध्याकाळी उतरवा. एक दिवस विसरले का तुम्ही आत."

राहिला प्रकाश.  मग गुणवंतरावांमधला अनुवादक जागा झाला. प्रकाश काही दिव्याचाच असतो असं नाही. ज्ञानाचा असतो, आरोग्याचा असतो. व्यायामानं शरीर तेजस्वी होतं, म्हणजे अर्थ बरोबर जुळत होता.

"अहो, खरं काय ते लिहा ना!" आतून त्यांच्या पत्नी मीराबाई म्हणाल्या.

"खरं लिहायला तिथे जागाच नाहीये," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांनी 'प्रकाश' दाबलं. खाली नुसतं 'संख्या' असं लिहिलेला एक चौकोन होता. संख्या कशाची ते लिहिलेलं नव्हतं. मंडळात शिकणारी मुलं बेचाळीस. त्यांनी बेचाळीस भरले. हिरवी खूण उमटली. दोघांनी उरलेले पेढे संपवले.

इथवर सगळं छान झालं.

पुढच्या महिन्यापासून प्रतिवेदनं, म्हणजे सरकारी अहवाल, सुरू झाली. अनुदान एकाच खांबाचं, पण त्याचा हिशेब ठेवणारी खाती चार. पहिल्याला दर महिन्याला अहवाल हवा, दुसऱ्याला दर तीन महिन्यांनी. तिसऱ्याला सहामाही हवा होता, पण तो दर महिन्याला थोडा थोडा. चौथ्याला वरच्या तिघांना दिलेलं सगळं पुन्हा, सही-शिक्क्यानिशी. चौघेही विचारत तेच, फक्त निराळ्या रीतीनं. एकाला खांबाची उंची फुटात हवी होती, दुसऱ्याला मीटरमध्ये, आणि तिसऱ्याच्या अर्जात उंचीच्या जागी 'मजले' असा रकाना होता. गुणवंतरावांनी खूप विचार करून तिथे 'तळमजला' लिहिलं.

पण खरी गंमत फोटोची होती. दर महिन्याला खांब वापरात असतानाचा फोटो एका ॲपमधून पाठवायचा होता. फोटोत खांब मुळापासून बोंडापर्यंत दिसला पाहिजे, आणि लाभार्थ्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे. मुलांना शिकवायची ती लक्ष्मणरावांची मुलगी नीलिमा. दिवसभर अधारतालच्या एका बँकेत नोकरी आणि संध्याकाळी मंडळ. तिनं पाच मुलींना खांबावर चढवलं. पोरी पटापट वर गेल्या, पायांचा विळखा घालून उलट्या लटकल्या आणि हात पसरून हसल्या. बघणाऱ्याच्या डोळ्यांचं पारणं फिटावं असं दृश्य. गुणवंतरावांनी मोबाइल रोखला.

'कृपया चेहरा सीधा रखें,' ॲप म्हणालं.

"अगं, जरा सरळ राहा," गुणवंतराव म्हणाले.

"काका, सरळ राहिल्या तर त्याला मल्लखांब म्हणत नाहीत," नीलिमा म्हणाली.

लक्ष्मणरावांनी तोड काढली. "मोबाइलच उलटा धरा ना जी. पोरी सरळ दिसतीन."

मोबाइल उलटा धरला. पोरी सरळ दिसल्या. पण आता खांब आभाळातून खाली लोंबत होता आणि जमीन डोक्यावर आली होती. ॲपनं क्षणभर विचार केला आणि कळवलं, 'संपत्ति भूमि पर स्थापित नहीं पाई गई।' त्या दिवशी अंधार पडेपर्यंत फोटो काढणं चाललं. शेवटी मुली खांबाशेजारी जमिनीवर सावधानमध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा ॲप म्हणालं, 'संपत्ति उपयोग में नहीं।'

महिन्यातले चार-पाच दिवस असेच जाऊ लागले. जिल्हा स्पर्धा जवळ येत होती आणि पोरी सरावाऐवजी फोटोला उभ्या राहत होत्या. गुणवंतराव मोबाइल घेऊन येताना दिसले की नीलिमा खांबाला चोपडायच्या एरंडेलाची बाटली घेऊन पलीकडे जाई. गुणवंतरावांना ते कळत होतं. त्यांना वाईटही वाटत होतं. पण अहवाल नाही गेला तर खांब जाणार, हे त्यांनाच ठाऊक होतं.

अशातच एका सकाळी वीज बघणारे कनिष्ठ अभियंता दुबेजी मोटरसायकलवरून आले. त्यांनी खांबाभोवती एक फेरी मारली, बोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लाइट किधर है?"

"कैसी लाइट?"

"खंभा प्रकाश का है ना? तो लाइट कहाँ गई?"

गुणवंतरावांनी मल्लखांब ही काय चीज आहे ते अतिशय शुद्ध हिंदीत समजावून सांगितलं. "यह दीपस्तंभ नहीं, व्यायाम-स्तंभ है." दुबेजींनी 'व्यायाम' एवढाच शब्द पकडला, मान हलवली, आणि वहीत लिहिलं: दिवा आढळला नाही.

झालं. दुबेजींचा आवाज मोठा, आणि समोरच्या घरातल्या सत्यभामाबाईंचे कान तिखट. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पोचली की सरकारनं आपल्या गल्लीला दिवा मंजूर केला होता आणि तो मंडळानं गिळला. संध्याकाळी गुणवंतराव भाजी घेऊन येताना सत्यभामाबाईंनी त्यांना फाटकातच गाठलं.

"गुणवंतराव, आमचा दिवा कुठाय?"

"वहिनी, दिवा नव्हताच मुळात. तो मल्लखांब आहे."

"ते आम्हाला दिसून राहिलं. पण कागदावर दिवा आहे म्हणे. मागल्या आठवड्यात मी अंधारात नालीत पडता पडता वाचले. तुमच्या घरात काहून एवढा उजेड असतो, ते आत्ता कळलं."

घरातला उजेड गुणवंतरावांनी स्वतःच्या पैशानं लावलेल्या ट्यूबलाइटचा होता. पण माणसाची अब्रू एकदा चव्हाट्यावर आली की ट्यूबलाइटची पावती दाखवून परत मिळत नाही. ते घरी आले, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि न जेवता झोपायला गेले. मीराबाईंनी ताट झाकून ठेवलं. "उद्या जेवतीन," त्या लक्ष्मणरावांना फोनवर म्हणाल्या. "आज त्यांचा अपमान झालाय."

पंधरा दिवसांनी निमंत्रण आलं. 'अनुदानग्राही संस्थाओं का प्रतिवेदन-भार न्यूनीकरण: एक दिवसीय कार्यशाला.' हे शीर्षक वाचून गुणवंतरावांचा चेहरा खुलला. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपल्या भाषेत बोलणारं कोणीतरी भेटलं होतं.

प्रतिवेदनाचा भार कमी करण्याच्या त्या कार्यशाळेत शिरण्यापूर्वी तीन अर्ज भरावे लागले. तिन्हींवर आपला फोटो लावून आपलं नाव, संस्थेचं नाव आणि प्रतिवेदनाचा भार किती वाटतो ते लिहायचं होतं. सभागृहात वृद्धाश्रमवाले होते, बालवाडीवाल्या बाया होत्या, शाळांना बाकं पुरवणारा एक ठेकेदार होता. सगळ्यांच्या मांडीवर फायलींचे गठ्ठे. अध्यक्षस्थानी अनुपम नावाचे तरुण अधिकारी. त्यांनी बाह्या दुमडल्या होत्या आणि ते खरोखर ऐकत होते, हे सरकारी बैठकीत जरा अवघडून टाकणारं होतं.

ठेकेदार म्हणाला, एका बाकाचे पाय तो तीन ठिकाणी मोजून देतो. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, मुलांना खिचडी वाढताना फोटो काढावा लागतो, तोवर खिचडी गार होते. मग गुणवंतराव उठले. घरून त्यांनी अडीच पानांचं भाषण आणलं होतं. पण तोंड उघडलं आणि काय झालं कोणास ठाऊक, सत्यभामाबाई डोळ्यापुढे आल्या. कागद हातातच राहिला.

"साहब," ते म्हणाले, "एक ही बात है. वो चार जन मुझसे चार बार पूछते हैं. आप लोग एक-दूसरे से पूछ लीजिए ना. और हमारे बच्चों को खेलने दीजिए."

टाळ्या पडल्या. बालवाडीच्या बाईंनी तर उभं राहून वाजवल्या. अनुपमसाहेबांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि जाहीर केलं की चारही खात्यांची माहिती एकत्र करणारी नवी व्यवस्था सुरू होतेय, आणि तिची पहिली चाचणी समर्थ व्यायाम मंडळावर होईल.

गुणवंतराव हार घालून घरी आले. हार कार्यशाळेनं नव्हता दिला, लक्ष्मणरावांनी वाटेत विकत घेतला होता. सन्मानाचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. नवी व्यवस्था नीट चालते हे ठरेपर्यंत जुनी चारही प्रतिवेदनं चालू ठेवायची, नवं पाचवं भरायचं, आणि भार किती कमी झाला याचा साप्ताहिक अहवाल वेगळा.

"म्हंजे भार कमी होऊन राहिला," लक्ष्मणराव म्हणाले, "पण त्याचं ओझं वाढून राहिलं."

तेवढ्यात व्यवस्थेनं चारही नोंदी एकत्र केल्या. क्रीडासाहित्य, अनुदान, खांब आणि संख्या, सगळं एकमेकांत मिसळलं. खांब प्रकाशाचा होता. त्यापुढे संख्या बेचाळीस होती. यंत्रानं दोन आणि दोन चार केले, आणि सोमवारी नोटीस आली: 'स्थापित दीप: ४२. प्रज्वलित: शून्य. अतः उक्त अनुपयोगी स्तंभ को हटाया जाए।'

गुणवंतरावांनी नोटीस दोनदा वाचली. इतक्या वर्षांत इतकी चोख, इतकी अवजड आणि इतकी चुकीची हिंदी त्यांनीही लिहिली नव्हती. त्यांनी अनुपमसाहेबांना फोन केला. साहेब भोपाळला बैठकीत होते, प्रतिवेदन कमी करण्याच्याच.

बुधवारी संध्याकाळी, ऐन सरावाच्या वेळी, क्रेन लावलेला ट्रक आवारात शिरला. सोबत दुबेजी आणि दोन लाइनमन. स्पर्धा दोन दिवसांवर आली होती. नीलिमा खांबापुढे उभी राहिली. "भैया, परवा आमची टीम जाणार आहे. हा खांब नेला तर सराव कशावर करायचा?"

"दीदी, हमको ऊपर से ऑर्डर है," दुबेजी म्हणाले. त्यांनाही ते आवडत नव्हतं, पण ट्रक सहापर्यंतच मिळाला होता.

बोंडाला दोर बांधायला एक लाइनमन चढायला गेला. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, पण हा खांब एरंडेलानं चोपडलेला. तो दोन हात वर गेला आणि अडीच हात खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्याची चप्पल वर अडकली आणि तो खाली आला. पोरी तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. गल्ली जमली. सत्यभामाबाईही आल्या, दिवा बसतोय अशा समजुतीनं.

"शिडी लगाओ," दुबेजी म्हणाले.

आणि तेव्हा गुणवंतरावांनी, ज्यांनी मंडळाचं सचिवपद पंधरा वर्षं सांभाळलं पण खांबाला कधी बोटही लावलं नव्हतं, चष्मा काढून मीराबाईंच्या हातात दिला, दोन पावलं पळत आले आणि खांबाला मिठी मारली. नुसती मिठीच नव्हे, तर पायसुद्धा वर घेतले. आपण असं का केलं हे त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. अर्ज करून, विनंती करून, नियम दाखवून झालं होतं. आता फक्त देह उरला होता.

"मैं नहीं उतरूँगा!" ते ओरडले आणि लगेच उतरू लागले. एरंडेल लावलेला खांब माणसाला धरू देतो, थांबू देत नाही.

"काका, हातानं नाही, मांड्यांनी!" नीलिमा ओरडली. "मांड्या आवळा! टाचा आत! श्वास सोडा!"

गुणवंतरावांनी मांड्या आवळल्या. आणि काय आश्चर्य, ते थांबले. जमिनीपासून वीतभर वर, पण अधांतरी. पोरींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मीराबाईंनी दोन्ही चष्मे, स्वतःचा आणि नवऱ्याचा, एकावर एक लावून पाहिलं.

दुबेजींनी मोबाइल काढला. कामात अडथळा आला की त्याचा फोटो पाठवावा लागे. त्यांचंही प्रतिवेदन होतंच. आता चारही खात्यांचं ॲप एक झालं होतं. फोटोत खांब मुळापासून बोंडापर्यंत आला होता. खांबावर एक माणूस होता. त्याचा चेहरा लालबुंद होता, घामेजलेला होता, पण सरळ होता. ॲप ट्यँव असं वाजलं.

दुबेजी वाचू लागले, मग त्यांनी मोबाइल सगळ्यांना दाखवला. 'लाभार्थी की पहचान सफल: गुणवंत पाटणकर. संपत्ति उपयोग में है।' बाजूला हिरवी खूण.

"चालू दिखा रहा है," दुबेजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "चालू खंभा हम नहीं उखाड़ सकते. उतर आइए, बाबूजी."

"पैर नहीं खुल रहे," गुणवंतराव म्हणाले.

त्यांना नीलिमानं आणि त्याच लाइनमननं मिळून उतरवलं.

स्पर्धा झाली. पोरींनी दुसरा क्रमांक आणला. अनुपमसाहेब भोपाळहून परतले, स्वतः मंडळात आले, खांब पाहिला, बोंडाकडे बघून हसले आणि त्यांनी नोंदीतले बेचाळीस दिवे आपल्या हातानं पुसले. इतकंच नाही, तर पुढच्या तिमाहीपासून त्यांनी शब्द पाळला. चार प्रतिवेदनांचं एक झालं, आणि तेही वर्षातून एकदा, नुसता एक फोटो. बालवाडीतली खिचडी गरम वाढली जाऊ लागली. ठेकेदार बाकांचे पाय एकदाच मोजू लागला. दुबेजींनी कोपऱ्यावरच्या खऱ्या खांबावर दिवा लावून दिला आणि सत्यभामाबाईंनी गुणवंतरावांकडे वाटीभर साखरभात पाठवला.

एकच गोष्ट राहिली. नव्या व्यवस्थेनं एकदा ओळखलेला लाभार्थी कायमचा धरून ठेवला होता. वर्षाच्या फोटोत चेहरा जुळला पाहिजे, म्हणजे दर वर्षी खांबावर गुणवंतरावच हवेत.

"काही करता येईल का, साहेब?" गुणवंतरावांनी विचारलं.

"थोडा समय लगेगा," अनुपमसाहेब खजील होऊन म्हणाले.

मग सरकारी काम म्हणून गुणवंतराव रोज संध्याकाळी आवारात जाऊ लागले. मीराबाईंनी जुन्या लेहंग्याच्या अस्तराची हाफपँट शिवून दिली. पहिला आठवडा ते नुसते खांबाला टेकून उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात गुडघे सुजले. लक्ष्मणराव बाकावरून सल्ले देत होते. एके दिवशी नीलिमानं त्यांच्या हातात एरंडेलाची बाटली दिली. "काका, आज खांब तुम्हीच चोपडा." गुणवंतरावांनी स्टुलावर चढून बोंडापासून बुंध्यापर्यंत तळहातानं तेल लावलं आणि त्यांना वाटलं, या खांबाबद्दल एवढं लिहिलं, पण याला नीट शिवलो आत्ताच. पावसाळा सरेपर्यंत ते स्वतःच्या उंचीइतके वर जाऊ लागले. एकदा तर वरून त्यांना रेल्वे स्टेशनाचं छप्पर दिसलं. ते त्यांनी घरी येऊन दोनदा सांगितलं.

हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा मोबाइल वाजला. ते तेव्हा खांबाला डोकं टेकून उभे होते, आणि नीलिमा त्यांना पाय वर कसे फेकायचे ते सांगत होती. आज पहिल्यांदा उलटं व्हायचं होतं. मीराबाईंनी फोन कानाला लावून दिला.

"पाटणकरजी, काम हो गया!" अनुपमसाहेबांचा आवाज आनंदानं भरला होता. "आपका नाम हटाने की मंज़ूरी आ गई. अब किसी भी बच्चे का फोटो चलेगा, उलटा हो तो भी. आपका बोझ खत्म. हटा दूँ?"

गुणवंतरावांनी वर बघितलं. खांब वर निमुळता होत गेला होता, आणि बोंडावर एक मुलगी एका पायावर उभी राहून त्यांचं बोलणं संपायची वाट बघत होती.

"नहीं साहब," ते म्हणाले. "रहने दीजिए."

"अरे, क्यों?"

"आप बच्चों का भी जोड़ दीजिए. पर मुझे मत हटाइए." मग त्यांनी फोन मीराबाईंकडे दिला, तळहात मातीवर घासले, खांब धरला, आणि नीलिमाला म्हणाले, "चल, सांग. आधी कोणता पाय?"